दुसरा मॉनिटर जोडला की कॉम्प्युटर चालू होत नाही: मदरबोर्ड बदलण्याआधी हे करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे इचलकरंजीतले टॅक्स सल्लागार. पहिल्या मॉनिटरवर टॅली आणि दुसऱ्यावर जीएसटीचं पोर्टल उघडता यावं म्हणून त्यांनी चार महिन्यांपूर्वी दुसरा मॉनिटर घेतला. जुना एचडीएमआयने आणि नवा डिस्प्लेपोर्टने, असे दोन्ही ग्राफिक्स कार्डालाच जोडलेले. संध्याकाळी भिंतीवरचं बटण बंद करून घरी जातात. सकाळी बटण लावून कॅबिनेटचं पॉवर बटण दाबलं, की पंखे कधी अर्धा गरका मारून थांबतात, कधी काहीच होत नाही. नव्या मॉनिटरची केबल काढली की पहिल्या दाबात चालू. विंडोज आल्यावर तीच केबल परत लावली तर दोन्ही मॉनिटर दिवसभर झकास चालतात. एसएमपीएस (कॅबिनेटच्या आत सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) बदलून झाला, आणि आता इंजिनिअर म्हणतो मदरबोर्ड गेला.

मदरबोर्ड गेलेला नाही, निदान एवढ्या लक्षणांवरून तरी तसं म्हणता येत नाही. तोच बोर्ड, तीच रॅम, तोच प्रोसेसर एका मॉनिटरवर रोज सकाळी उठतोय आणि संध्याकाळपर्यंत चालतोय. रॅम काढून खोडरबरने घासायचा आपल्याकडचा रामबाण उपायही इथे राहू द्या. तो मीही हजार वेळा केलाय आणि निम्म्या वेळा लागूही पडलाय, पण त्याचा तुमच्या दुखण्याशी संबंध नाही. एसएमपीएसवर संशय घेण्यातही एक गैरसमज आहे. दुसऱ्या मॉनिटरचा लोड एसएमपीएसवर येतो असं बऱ्याच जणांना वाटतं. मॉनिटर आपली वीज थेट सॉकेटमधून घेतो, चोवीस इंची असेल तर साधारण २० ते ३० वॅट. कॅबिनेटमधल्या एसएमपीएसला त्याचा पत्ताही नसतो.

आधी एक शब्द नीट करून घेऊ. ‘चालू होत नाही’ याचे माझ्या टेबलावर तीन वेगवेगळे अर्थ येतात. पहिला, पंखाच फिरत नाही किंवा फिरून थांबतो. दुसरा, पंखे फिरतात, लाईट लागतात, पण मशीन सुरुवातीलाच कुठेतरी अडकतं. तिसरा, मशीन पूर्ण चालू झालेलं असतं, विंडोजही आलेली असते, फक्त आपण बघतोय त्या पडद्यावर काही नाही. दुसरा आणि तिसरा ओळखायला कीबोर्डवरचं नम लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो म्हणजे मशीन जिवंत आहे आणि भानगड फक्त डिस्प्लेची आहे. दिवा ढिम्म असेल तर ते मधेच अडकलंय. हल्लीच्या बऱ्याच मदरबोर्डवर सीपीयू, डीरॅम (म्हणजे रॅम), व्हीजीए (म्हणजे ग्राफिक्स कार्ड), बूट अशी नावं लिहिलेले चार बारीक दिवे असतात. कुठला लागून राहतो ते बघा. तुमचं लक्षण पहिल्या जातीचं आहे, आणि खरं सांगायचं तर तिन्हींत ते सापडायला सगळ्यात सोपं.

आता चाचणी. पेचकस लागत नाही, वीस मिनिटं लागतात. मॉनिटरला दोन गोष्टी येतात, वीज आणि पीसीची केबल. लोक दोन्ही एकदम काढतात आणि म्हणतात ‘मॉनिटर काढला की चालतो’. त्यातून काहीच कळत नाही. दोन्ही वेगवेगळ्या काढून बघायच्या.

प्रत्येक वेळी पीसी पूर्ण बंद करा, त्याची पिन सॉकेटमधून काढा, पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा म्हणजे आतली उरलीसुरली वीज निघून जाईल, मग पिन परत लावा. पहिल्या फेरीत नव्या मॉनिटरची वीज चालू ठेवा, पण डिस्प्लेपोर्टची केबल पीसीच्या बाजूने काढा. तरीही पीसी अडला तर दोष विजेच्या बाजूला आहे: यूपीएस, एक्स्टेंशन बोर्ड, सैल सॉकेट. दुसऱ्या फेरीत केबल दोन्हीकडे लावलेली, पण मॉनिटरची वीज भिंतीवरच बंद. मॉनिटरच्या बटणाने नाही हं, भिंतीवर. बटणाने तो फक्त झोपतो. आता पीसी चालू झाला तर जिवंत मॉनिटरकडून केबलमधून काहीतरी पीसीकडे येतंय, आणि तेच नडतंय. मॉनिटर मेलेला असूनही अडला तर तिसरी फेरी: केबल मॉनिटरच्या बाजूने काढून पीसीला नुसती लोंबकळती ठेवा. तरी अडतोय म्हणजे केबलच आतून शॉर्ट आहे किंवा कार्डाच्या पोर्टमधली पिन वाकलीय. टॉर्च मारून पोर्टात बघा.

एक तार लोक हमखास विसरतात, ती यूएसबीची. मॉनिटरच्या मागे यूएसबी हब असेल तर त्याचीही केबल पीसीला गेलेली असते. कधी दोष तिथे असतो: हबमध्ये पेनड्राइव्ह अडकवलेला आणि बायोस (विंडोजच्या आधी मशीन उठवणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) त्यातून बूट करायला बघतंय, किंवा हबच पीसीकडे वीज ढकलतोय. चाचणीपूर्वी ती काढून ठेवा.

तुमच्या वर्णनावरून माझी पैज दुसऱ्या फेरीवर आहे. पीसी तेव्हा चालू होईल. कारण सांगतो.

डिस्प्लेपोर्टच्या तोंडात २० पिना असतात. विसाव्या पिनेवर ३.३ व्होल्ट वीज असते, ती पीसीच्या सॉकेटवरही असते आणि मॉनिटरच्या सॉकेटवरही. ती छोट्या कन्व्हर्टरसारख्या वस्तूंसाठी ठेवलेली आहे. म्हणूनच डिस्प्लेपोर्टचं मानक ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेचा नियम आहे, की साध्या केबलमध्ये ही विसावी पिन एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जोडायची नाही. स्वस्तातल्या काही केबल बनवणारे वीसच्या वीस तारा सरळ जोडून मोकळे होतात. मग काय होतं? तुम्ही सकाळी भिंतीवरचं बटण लावता, मॉनिटरला वीज मिळते, आणि त्याचे ३.३ व्होल्ट केबलमधून उलटे ग्राफिक्स कार्डात, तिथून मदरबोर्डात शिरतात. पीसी अजून बंद आहे, पण त्याच्या ३.३ व्होल्टच्या लाइनवर आधीच कुणीतरी येऊन बसलंय. मग बोर्ड बिथरतो, नाहीतर एसएमपीएसचं संरक्षण त्याला उठूच देत नाही. पंख्याचा अर्धा गरका हाच.

पीसी एकदा चालू झाला की त्याचे स्वतःचे ३.३ व्होल्ट तिथे उभे असतात. दोन्हीकडे सारखाच दाब, त्यामुळे इकडून तिकडे फारसं काही वाहत नाही. म्हणून नंतर लावलेली केबल दिवसभर चालते. याच कारणाने आणखी एक गोष्ट तुम्ही पडताळू शकता: विंडोजमधून रिस्टार्ट दिलात तर मशीन न अडता उठेल, शटडाऊन करून परत चालू केलंत तर अडेल. रिस्टार्टमध्ये एसएमपीएस बंद होत नाही, एवढाच फरक.

हे मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं ते मिरजेच्या एका फ्लेक्स छापणाऱ्याच्या दुकानात. मशीन त्याआधी दोन ठिकाणी फिरून आलेलं. मी कॅबिनेटचं झाकण काढलं, एसएमपीएसची मागची वायर काढून बाजूला ठेवली आणि आत बघतो तर मदरबोर्डवरचा एक बारीक दिवा मंद जळतोय, काजव्यासारखा. दुकानातला पोरगा माझ्याकडे बघून म्हणाला, “वायर तर काढलीया, मग लाईट कुठनं येतीया?” मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवला, काळी प्रोब कॅबिनेटच्या रंग नसलेल्या स्क्रूला, लाल प्रोब चोवीस पिनांच्या मोठ्या कनेक्टरच्या मागून नारिंगी तारेत. एसएमपीएसमधली नारिंगी तार म्हणजे ३.३ व्होल्टची. मशीनला वीजच नाही, तेव्हा तिथे शून्य दिसायला हवं. मीटरवर १.९. मॉनिटरची केबल ओढली, आकडा हळूहळू उतरत शून्यावर आला आणि दिवा विझला. परत लावली, परत १.९. त्या पोरानं स्वतः दोनदा काढून-लावून बघितलं, मग त्याची खात्री पटली. केबल ऑनलाइन दीडशे रुपयांना घेतलेली होती. मॉनिटरच्या खोक्यातली मूळ केबल ‘लांबीला कमी पडते’ म्हणून कपाटात पडून होती. तीच लावली, टेबल अर्धा फूट सरकवलं, काम संपलं.

तेव्हा आधी तुमच्या मॉनिटरच्या खोक्यात बघा. कंपनीने दिलेली केबल बहुधा बरोबर असते. नवीन घ्यायची तर व्हेसाने प्रमाणित केलेली बघून घ्या. डीपी८के किंवा डीपी४० अशी खूण असते. जाड, वेणी घातलेली, सोन्याचा मुलामा दिलेली टोकं वगैरेवर जाऊ नका. त्या दीडशेच्या केबललाही सोनेरी टोकं होती. विसाव्या पिनेवर चिकटपट्टी लावण्याचा जुगाड काही जण करतात. तो चालतो, पण पट्टी पोर्टात सुटून अडकली तर कार्ड माझ्याकडे येतं.

तुमच्या नव्या मॉनिटरला एचडीएमआय पोर्ट असेलच. कार्डावर दुसरा एचडीएमआय मोकळा असेल तर केबल येईपर्यंत त्यावर चालवा. एचडीएमआयमध्ये ५ व्होल्टची पिन असते, अठरावी, आणि त्यात वीज पीसीकडून मॉनिटरकडे जाते. उलटा प्रवाह तिथेही एखादा वाईट मॉनिटर देऊ शकतो, पण क्वचित.

ही पैज मी हरलो, म्हणजे केबल बदलूनही अडतोय, तर पुढचं बघा.

पंखे नीट फिरत राहतात, व्हीजीएचा दिवा लागून राहतो आणि तिथेच घोडं पेंड खातं, असं असेल तर ते विजेचं नाही, ओळख पटवण्याचं दुखणं आहे. प्रत्येक मॉनिटर चालू होताना कार्डाला स्वतःचं ओळखपत्र देतो. त्यात तो कोण आहे, कुठली रिझोल्यूशन झेपतात वगैरे लिहिलेलं असतं. मूळ मजकूर जेमतेम १२८ बाइट. त्याला ईडीआयडी म्हणतात. विंडोज यायच्या कितीतरी आधी कार्डाच्या फर्मवेअरला (कार्डातच भरून ठेवलेल्या प्रोग्रॅमला) ते वाचून ठरवावं लागतं की चित्र कुठे आणि कसं पाठवायचं. जुनं कार्ड आणि नवा मॉनिटर अशी जोडी असेल तर इथे गोंधळ होतो. एनव्हिडियाच्या ९०० आणि १००० मालिकेतल्या कार्डांसाठी कंपनीनेच २०१८ मध्ये एक फर्मवेअर अपडेट काढलं, कारण डिस्प्लेपोर्ट १.३ किंवा १.४ चा मॉनिटर लावला की विंडोज येईपर्यंत पडदा काळा राहायचा किंवा मशीन बूट होतानाच अडकायचं. आपल्याकडे सेकंडहँड बाजारात १०५० टीआय आणि १०६० अजून भरपूर फिरतात, म्हणून मुद्दाम सांगतोय. ते छोटं प्रोग्रॅम चालवलं की तुमच्या कार्डाला अपडेट हवंय की नको ते तेच सांगतं. चालवताना मशीन यूपीएसवर असू द्या, मधे लाईट गेली तर कार्ड कायमचं बसेल.

अपडेट नसेल तर मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत जा. काही मॉनिटरमध्ये डिस्प्लेपोर्टची आवृत्ती निवडता येते, १.४ ची १.२ करा. ‘डीप स्लीप’ असा पर्याय असेल तर बंद करा. इनपुट ‘ऑटो’वर असेल तर डिस्प्लेपोर्टवर पक्कं करा, कारण ऑटोवरचा मॉनिटर सगळी पोर्ट हुंगत बसतो आणि तेवढ्यात कार्डाने विचारलेलं त्याला ऐकू जात नाही. मग केबलची अदलाबदल करा, नवा एचडीएमआयवर आणि जुना डिस्प्लेपोर्टवर. दोष मॉनिटरबरोबर फिरतोय की पोर्टला चिकटून राहतोय, ते बघायचं. सगळ्यात शेवटी मदरबोर्डचं बायोस अपडेट.

तिसऱ्या जातीवर फार वेळ घालवत नाही, पण वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांचं दुखणं तेच असणार. एका निवृत्त मास्तरांचा फोन आला, कॉम्प्युटर बंद पडला. जाऊन बघतो तर मशीन उत्तम चालू. नातवाने आदल्या दिवशी मॅच बघायला एचडीएमआयची लांब केबल हॉलमधल्या टीव्हीला जोडलेली आणि विंडोजने टीव्हीलाच मुख्य पडदा मानलेलं. मास्तर आतल्या खोलीत काळा मॉनिटर बघत बसलेले, आणि हॉलमध्ये बंद टीव्हीवर त्यांचा डेस्कटॉप. अशा वेळी विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबायचं, मग खाली बाण आणि एंटर, चित्र परत येईपर्यंत. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबलं तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, तेही करून बघा.

याच जातीतली दुसरी चूक म्हणजे एक मॉनिटर कार्डाला आणि दुसरा मदरबोर्डच्या पोर्टला लावणं. नावाच्या शेवटी एफ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतंच, त्यामुळे बोर्डावरचं एचडीएमआय नुसतं शोभेचं. रायझनमध्ये ७००० मालिकेच्या आधी नावात जी असेल तरच ग्राफिक्स. प्रोसेसरमध्ये ते असलं तरी कार्ड लावल्यावर बहुतेक बोर्ड त्याला झोपवतात. बायोसमध्ये ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ किंवा तशा नावाचा पर्याय चालू करावा लागतो. कार्डावर पोर्ट मोकळी असतील तर या फंदात पडूच नका, दोन्ही कार्डालाच लावा.

जुन्या व्हीजीए मॉनिटरला एचडीएमआयचा छोटा कन्व्हर्टर लावून दुसरा पडदा केलेल्यांसाठी एवढंच: तो कन्व्हर्टर वीज एचडीएमआयच्या त्या ५ व्होल्टच्या पिनेतून खातो, आणि मानकाप्रमाणे तिथून फक्त ५५ मिलिअँपिअरची हमी असते. बरेच स्वस्त कन्व्हर्टर त्याहून जास्त ओढतात. ज्याला बाजूने यूएसबीची वीज देता येते असा घ्या.

आता अर्थिंग. तुम्ही विचारलं नाही, पण मी तुमच्या ऑफिसात आलो असतो तर पहिली नजर तिकडेच टाकली असती. कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात का? पावसाळ्यात जास्त? टेस्टर लावला की कॅबिनेटवर मंद पेटतो? म्हणजे सॉकेटमध्ये अर्थ नाही. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून पत्र्याकडे एकेक छोटा कपॅसिटर असतो. अर्थ मिळाली तर ती किरकोळ वीज जमिनीत जाते. नाही मिळाली तर पत्रा मधेच लटकतो, २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास. करंट अगदी कमी, माणसाला मुंग्या येण्याइतका. पण मॉनिटर दुसऱ्याच सॉकेटवर असेल आणि त्याला अर्थ असेल, तर केबल खुपसताना त्या दोघांतला फरक केबलमधूनच भागतो, आणि डेटाच्या नाजूक पिना त्या वाटेत सापडतात. मी बदललेल्या जळक्या एचडीएमआय पोर्टांपैकी बरेच असेच गेलेले. तुम्ही चार महिने रोज सकाळी चालू मशीनला केबल लावताय, म्हणून हे सांगतोय.

मल्टिमीटर एसीवर ठेवून सॉकेट तपासा, सवय नसेल तर वायरमनला सांगा. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या जवळपास यायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये शून्य ते दोन-तीन व्होल्ट. फेज-अर्थमध्ये शंभर-सव्वाशे किंवा हेलकावणारा आकडा आला तर अर्थ फक्त सॉकेटच्या भोकापुरती आहे. पीसी आणि दोन्ही मॉनिटर एकाच चांगल्या तीन पिनांच्या बोर्डवर घ्या. तिसरी पिन कापून दोन पिनांच्या सॉकेटात घातलेली असेल तर आजच बदला.

पहिल्या फेरीतच मशीन अडलं तर यूपीएस बघा. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट, तोही बॅटरी ताजी असताना. त्यावर ग्राफिक्स कार्डवालं मशीन आणि दोन मॉनिटर एकाच बटणाने एकदम चालू केले की पहिल्या क्षणाचा ओढा त्याला झेपत नाही, तो एकदा टूं करतो आणि सोडून देतो. एक सकाळ यूपीएसला बगल देऊन थेट भिंतीवर लावून बघा. एसएमपीएसच दोषी असल्याची खूण वेगळी असते: थंड असताना चालू होत नाही, तीन-चार दाबांत गरम झाल्यावर होतो, आणि हे एका मॉनिटरवरही तसंच होतं. किंवा आत पाल शिरलेली असते. हसू नका, दर पावसाळ्यात दोन-तीन निघतात.

तर तुम्ही उद्या सकाळी ऑफिसात गेल्यावर नव्या मॉनिटरचं भिंतीवरचं बटण बंद ठेवूनच पीसी चालू करा, केबल जागच्या जागी असू दे. मशीन उठलं, विंडोजचं चिन्ह दिसलं, की मग मॉनिटरचं बटण लावा. हे दोन-तीन दिवस न चुकता चाललं तर केबलच मागवा, आणि ती येईपर्यंत हाच क्रम ठेवा. चालू मशीनला केबल खुपसणं बंद. न चाललं तर पंखे फिरतात की नाही, मदरबोर्डवर कुठला दिवा थांबतो आणि रिस्टार्टला काय होतं, ही तीन उत्तरं आणि कार्डाचं मॉडेल मला कळवा. मदरबोर्डसाठी ॲडव्हान्स दिला असेल तर तो मात्र उद्याच परत मागा.